गाठ सापडावी म्हणून

अक्का धुळ्याहून सुटीला आली की चोपड्याच्या स्टँडवर तिला घ्यायला मी सायकल घेऊन जायचे. जाताना मी एकटी. येताना सायकल तिच्या हातात आणि मी मागे कॅरियरवर, मांडीवर तिची पिशवी. स्टँड ते जिनिंग फॅक्टरीचे क्वार्टर हे अंतर फार नव्हतं, पण तेवढ्यात ती मला अख्खं हॉस्टेल ऐकवायची. रेक्टरबाई नाकातून कशा बोलतात, इतिहासाच्या सरांना शिंक येणार असली की ते आधी खडू खाली कसा ठेवतात, अमळनेरचा कंडक्टर प्रत्येक बाईला 'मावशी' म्हणतो आणि समोर त्याच्याच वयाची बाई असली की कसा अडखळतो. ती सगळ्यांचे आवाज काढायची. मी हसून हसून पिशवी सांभाळत बसायचे.

घरात आम्ही दोघी बहिणीच. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मी नववीत. नाना, म्हणजे आमचे वडील, फॅक्टरीत फिटर होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या माठावर, मायच्या केसांवर रुईचे तंतू येऊन बसायचे. नाना जेवत असले आणि फॅक्टरीतून येणारा आवाज जरासा बदलला, की घास हातात धरून ऐकायचे. "तिसरं जिन," म्हणायचे, आणि हात धुऊन निघून जायचे. बहुतेक वेळा ते तिसरंच असायचं.

अक्का मला दर आठवड्याला पोस्टकार्ड पाठवायची. वर माझं नाव नसायचं. तिने लहानपणी मला ठेवलेलं एक विचित्र नाव असायचं, जे घरात दुसरं कुणी वापरत नसे. पोस्टमन ते मोठ्याने वाचून हसायचा. मला तेव्हा त्याची लाज वाटायची.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता तो. त्या वर्षी पावसाळ्यानंतर पोस्टकार्डं कमी झाली, मग थांबली. दिवाळीला ती येणार हे कळलं म्हणून मी नेहमीसारखी सायकल घेऊन स्टँडवर गेले. ती गाडीतून सगळ्यांत शेवटी उतरली. मी हँडल तिच्यापुढे केलं तर म्हणाली, तूच चालव. मागे बसली. मी वाट बघत होते की ती आता सुरू करेल. अर्ध्या रस्त्यात तिने माझ्या पाठीला हात लावला आणि हळूच म्हणाली, "मांगे दखू नको."

मी मागे पाहिलं नाही. काय आहे मागे, असं विचारलं. घर येईपर्यंत तिचा हात माझ्या पाठीवरून हलला नाही.

त्या दिवाळीत ती आमच्यात असून नव्हती. फॅक्टरीचा भोंगा वाजला की उशी घेऊन कान झाकायची. दोघी एका खाटेवर बसलो होतो तेव्हा तिने मला सांगितलं, "तो भोंगा मनं नाव लेई ऱ्हायना." भोंगा माझं नाव घेतोय. मला वाटलं ती आवाज काढण्याच्या तयारीत आहे, म्हणून मी हसले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू तिथेच विरलं. पुढे कळत गेलं. हॉस्टेलच्या मुली तिच्या मनातलं वाचतात. वर्गात फळ्यावर लिहिलेलं तिच्याबद्दलच असतं. मायच्या हातच्या जेवणात काहीतरी घातलेलं आहे. मी तिच्या ताटातला पहिला घास खाऊन दाखवला तर ती चार घास खायची, नाहीतर नाही.

सुटी संपली, तिला परत पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारपाजाऱ्यांनी सांगितलं ते सगळं मायने केलं, नजर काढली, उपास केले. नाना तिला आणि मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी धुळ्याच्या मनाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, आणि आम्ही उठता उठता सहज म्हणाले की मोठ्या गावात आता मेंदूचा फोटो निघतो, तोही काढून घ्या, गाठबीठ असली तर कळून जाईल.

'गाठ' हा शब्द नानांच्या मनात तिथेच रुतला. घरी येईपर्यंत ते तीन वेळा म्हणाले की गाठ असेल तर काढता येते.

धुळ्याला आम्ही चौघेही गेलो. मी शाळा बुडवून, कारण अक्का जेवणार ती माझ्यामुळेच. ते डॉक्टर तेव्हा चाळिशीचे असतील. खोली लहान होती, पंखा आवाज करत होता, आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. त्यांनी आधी अक्काशी बोलायला सुरुवात केली. ती भिंतीकडे बघत होती तरी ते तिच्याशीच बोलत राहिले. मग मायला आणि नानांना विचारलं. ताप आला होता का, कधी डोक्यावर पडली होती का, झटके आले का, सकाळी डोकं दुखून उलटी होते का, दिसायला दोन दोन दिसतं का. मग मलाही विचारलं की ती पहिली कशी होती. मी सायकलवरचं सांगितलं. ते त्यांनी कागदावर लिहून घेतलं याचं मला फार नवल वाटलं.

मग त्यांनी तिला तपासलं. डोळ्यांत बॅटरी मारून आत पाहिलं. गुडघ्यांवर, कोपरांवर छोट्या हातोडीने ठोकलं. सरळ रेषेत चालायला लावलं. हातात हात घेऊन दाबायला सांगितलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. रक्त तपासायला घेतलं. हे सगळं व्हायला तास-दीड तास लागला असेल. त्यानंतर ते नानांना म्हणाले की हा मनाचा आजार आहे, या वयात पोरापोरींना होतो, कुणाच्या चुकीमुळे होत नाही, आणि त्यावर औषध आहे. आजपासून सुरू करू.

नानांनी विचारलं, "आणि फोटो?"

डॉक्टर म्हणाले की त्याची गरज दिसत नाही. गाठ असती तर तपासताना कुठेतरी तिची खूण मिळाली असती. हात कमजोर असता, चाल बिघडली असती, डोळ्यांच्या आत सूज दिसली असती, झटके आले असते. यातलं काहीच नाही. अशा वेळी फोटो काढला तर तो चांगलाच येतो, आणि मधला वेळ वाया जातो. पुढे कधी यातलं काही दिसलं तर मी स्वतःच पाठवीन, असंही ते म्हणाले.

नाना ऐकून घेत होते, पण त्यांचा चेहरा मला माहीत होता. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी मशिनीवरचा माणूस आहे. आत न बघता मी कधी पाना लावत नाही."

डॉक्टरांनी विचारलं की आत बघायचं की नाही हे तुम्ही कशावरून ठरवता. नाना म्हणाले, आवाजावरून. "मग भाऊ, मीपण तेच केलं आता," डॉक्टर म्हणाले.

नाना बाहेर आले. औषधाचा कागद त्यांनी चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात घातला. माय औषधाच्या दुकानाकडे वळली तर तिला थांबवलं. बिघाड कळल्याशिवाय डोक्याची औषधं देऊन आत काही भलतंच झालं तर, असं त्यांचं म्हणणं. आधी फोटो, मग गोळ्या. माय मागे फिरली. आमच्या घरात नानांच्या पुढे बोलायची पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मायलाही गाठच हवी होती. मलाही. मी शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटून देवाला सांगत असे की अक्काच्या डोक्यात गाठ सापडू दे. गाठ म्हणजे बाहेरून आलेली वस्तू. ती काढून टाकली की खाली आमची अक्का जशीच्या तशी असणार.

मुंबईला जायला अडीच महिने लागले. हंगाम होता, नानांना रजा मिळेना. मायच्या मावसभावाने तिकडे दवाखान्यात चौकशी करून नंबर लावला, तो पुढे गेला, पुन्हा लावला. या अडीच महिन्यांबद्दल मी फार कमी बोलते. अक्काने अंघोळ सोडली. एक दिवस कात्री घेऊन वेणी कापली. ज्या वेणीत माय दर रविवारी तेल घालायची ती न्हाणीच्या दगडावर पडलेली होती. एका दुपारी ती घरातून निघून गेली. आम्ही तासाभराने तिला स्टँडवर शोधून काढलं. उन्हात, ज्या जागी धुळ्याची गाडी लागते तिथे बसलेली, एका पायात चप्पल. मला बघून ती उठली आणि माझ्यापासून लांब सरकली. तोवर ती सगळ्या जगाला घाबरत होती, पण मला नव्हती. त्या दिवसापासून माझ्या हातचा घासही बंद झाला.

मी घरी येऊन खाटेखाली ठेवलेली तिची जुनी पोस्टकार्डं काढली आणि एकेक वाचली. ती कार्डं लिहिणारी अक्का कुठे गेली, हे मला त्यातून कळेल असं वाटलं.

मुंबईला आम्ही जळगावहून सकाळच्या गाडीने गेलो. चाळीसगावला गाडी थांबली तेव्हा खिडकीशी पेरूवाली आली. अक्काने खिडकी पाडून घेतली आणि हात त्यावरच ठेवून बसली. दवाखान्यात एका मोठ्या पांढऱ्या यंत्रात तिचं डोकं जाणार होतं आणि तिने हलायचं नव्हतं. तिची समजूत होती की हे यंत्र तिच्या मनातलं काढून घेणार आहे. दोन बायांनी आणि नानांनी तिला धरून झोपवलं. मी काचेच्या पलीकडे उभी होते. नाना तिच्या पायांशी उभे राहून सारखे सांगत होते, पोरी, हलू नको, एवढंच आहे, झालंच. बाहेर आल्यावर ती एकदम शांत होती. मला म्हणाली, "आते तेस्ले बठ्ठं कयनं." आता त्यांना सगळं कळलं. इतक्या थकलेल्या आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळाला. तिथल्या एका तरुण डॉक्टरने हसून सांगितलं, अभिनंदन, सगळं नॉर्मल आहे, मेंदूत काहीही नाही.

नानांनी पुन्हा विचारलं, काहीच नाही? तो म्हणाला, काहीच नाही. नाना बाकावर बसले. पिशवीतला रुमाल काढून त्यांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्या तरुण डॉक्टरला वाटलं की हा माणूस आनंदाने रडतोय. त्याने त्यांच्या पाठीवर थोपटलं. मी चौदा वर्षांची होते, पण मला समजलं होतं.

तिथून आम्ही चोपड्याला न येता धुळ्यालाच गेलो. मला वाटलं डॉक्टर आता नानांना बोलतील. ते काहीच बोलले नाहीत. फक्त अक्काच्या कापलेल्या केसांकडे बघितलं आणि कधीपासून, असं मायला विचारलं. नानांनी मोठं पाकीट पुढे केलं. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, काळ्या कागदावर राखी रंगाच्या ओळीने मांडलेल्या चकत्या. अक्का खुर्चीवरून उठून त्यांच्याजवळ गेली. कितीतरी आठवड्यांनी ती आपण होऊन कुणाजवळ गेली होती. तिने फिल्मवर बोट ठेवलं.

"यामा मी कोठे शे?"

डॉक्टरांना अहिराणी समजायची. त्यांनी फिल्म खाली ठेवली. "यात तू नाहीस, बाई," ते म्हणाले. "तू तुझ्या तोंडाने सांगशील तेवढीच मला कळशील."

ती सांगायला लागली असं नाही. पण खुर्चीवर परत बसली, भिंतीकडे तोंड न करता.

गोळ्या त्या संध्याकाळी सुरू झाल्या. पहिले काही आठवडे ती नुसती झोपत होती, तोंडाला कोरड पडायची, हात ताठ व्हायचे. नाना दर आठवड्याला तिला धुळ्याला नेत, डॉक्टर गोळ्या कमीजास्त करत. उन्हाळ्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की भोंगा वाजला आणि तिने उशी घेतली नाही. पावसाळ्यापर्यंत ती मायच्या हातचं जेवायला लागली. केस वाढले. घरात लोक म्हणू लागले, पोरगी सुधारली.

सुधारली होती. ती दळण आणायची, भाकरी करायची, कुणी विचारलं तर नीट उत्तर द्यायची. फक्त ज्या आवाजात ती उत्तर द्यायची तो एकच आवाज होता. रेक्टरबाई, इतिहासाचे सर, कंडक्टर, सगळे गेले. डी.एड.ची परीक्षा राहिली ती राहिलीच. मला ती माझ्या खऱ्या नावाने हाक मारायला लागली. पहिल्यांदा मारली तेव्हा मी ओ दिली नाही, कारण ती मला हाक मारते आहे हे मला समजलंच नाही.

मोठी झाल्यावर मी एकदा डॉक्टरांना विचारलं की ते अडीच महिने गेले नसते तर ती पहिल्यासारखी झाली असती का. ते खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, सांगता येत नाही. काही जणांना लवकर औषध मिळूनही असंच होतं. पण लवकर मिळणं केव्हाही बरं, आणि तेवढं तरी आपल्या हातात होतं. हे त्यांनी नानांना कधीही सांगितलं नाही, आणि मीही नाही.

मी पुढे डी.एड. केलं, तिच्याच कॉलेजात. तिच्या वेळचे इतिहासाचे सर अजून होते. पहिल्या तासाला त्यांना शिंक येणार होती, त्यांनी खडू आधी टेबलावर ठेवला, आणि अख्खा वर्ग शांत बसलेला असताना मला रडू फुटलं. मला जळगावला शाळा मिळाली. लग्नही तिथेच झालं. नाना निवृत्त झाले तेव्हा माय गेलेली होती, म्हणून ते आणि अक्का माझ्या घराजवळ दोन खोल्या घेऊन राहायला आले.

तोवर नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. जळगावातच आता मेंदूचा फोटो निघू लागला होता. रिक्षांच्या मागे त्याच्या पाट्या दिसायच्या. डोकं दुखलं तरी लोक फोटो काढायचे, आणि मनाचा आजार म्हटलं की तो काढल्याशिवाय पुढचं पाऊलच नाही. धुळ्याचे डॉक्टर दर शनिवारी जळगावला यायला लागले होते. त्यांच्याकडे येणारी नवी माणसं ते मोठं पाकीट घेऊनच यायची, किंवा फोटो काढून मगच येऊ असं सांगून जायची आणि महिना-महिना येत नसत. डॉक्टरांची तपासायची पद्धत तीच होती, ती बॅटरी, ती हातोडी. ज्याला गरज त्याला ते पाठवत, उरलेल्यांना समजावत. पण समजावून सगळ्यांना पटायचं नाही. नानांनाही कुठे पटलं होतं.

एका शनिवारी मी नाना आणि अक्काबरोबर गेले होते. जामनेरचा एक शिंपी आपल्या मुलीला घेऊन आला होता. मुलगी विशीची, बुरखा डोक्यावरून मागे पडलेला, ओठ सतत हलत होते. आई तिचा हात धरून बसली होती. डॉक्टरांनी तिला तासभर तपासून औषध लिहून दिलं होतं, आणि शिंपी दारात उभा राहून म्हणत होता की साहेब, आधी मशिनीत बघून घेतो, मग गोळ्या. भुसावळच्या पाहुण्यांनी तसंच सांगितलंय.

डॉक्टर उठून दाराशी आले. मग बाहेर बाकावर बसलेल्या नानांकडे बघून म्हणाले, "भाऊ, तुम्ही यांच्याशी जरा बोलाल का? तुमचं तुम्ही सांगा. मला नाही येत तसं सांगता."

नाना उठले. मला वाटलं ते नाही म्हणतील. मुंबईचा विषय आमच्या घरात कुणी काढत नसे. त्यांनी शिंप्याला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. मग म्हणाले, "ती बसली आहे ना, पिवळ्या पातळातली, ती माझी मुलगी. याच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, फोटोची गरज नाही, आज गोळी द्या. मी कागद खिशात घातला. अडीच महिने खिशात ठेवला. पोर माझ्या डोळ्यांसमोर बुडत होती आणि मी गाठ शोधत होतो."

शिंप्याने विचारलं, मग गाठ निघाली?

"नाही. निघाली असती तर मला बरं वाटलं असतं," नाना म्हणाले. "स्वतःच्या पोरीच्या डोक्यात गाठ निघावी असं मला वाटत होतं. एवढी माझी अक्कल गेली होती."

मी अक्काकडे बघितलं. ती ऐकत होती की नाही कळेना. हातातल्या रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती. नानांनी एवढ्या वर्षांत तिच्यासमोर, माझ्यासमोर हे कधी उच्चारलं नव्हतं. मायसमोर तर नाहीच, आणि आता माय नव्हती.

शिंपी बायकोकडे वळून काहीतरी बोलला. मग डॉक्टरांचा कागद घेऊन समोरच्या औषधाच्या दुकानात गेला. मुलीने पहिली गोळी तिथेच, दवाखान्यातल्या माठाचं पाणी घेऊन खाल्ली.

त्यानंतर नाना दर शनिवारी जाऊ लागले. अक्काची तारीख असो वा नसो. धुतलेला सदरा घालून दहाच्या सुमाराला बाकाच्या कडेला बसायचे. डॉक्टर एखाद्याला बाहेर पाठवायचे, म्हणायचे, त्या भाऊंजवळ पाच मिनिटं बसून या. चोपड्याचे, पाचोऱ्याचे, यावलचे लोक. कुणी ऐकायचं, कुणी उठून जायचं. ऐकणारे हळूहळू जास्त व्हायला लागले, असं डॉक्टर एकदा मला म्हणाले. फोटोला जाणारी माणसं निम्म्याहून कमी झाली असतील, असा नानांचा अंदाज होता, पण तो नानांचा अंदाज.

एकदा मात्र नाना चुकले. पन्नाशीचा एक शेतकरी अचानक भलतंसलतं बोलायला लागला म्हणून घरचे घेऊन आले होते. नानांनी डॉक्टरांच्या आधीच त्यांना आपलं सांगून टाकलं, फोटोच्या मागे लागू नका. डॉक्टरांनी तपासलं तर त्या माणसाच्या उजव्या हातात जोर कमी होता आणि एका बाजूचं त्याला नीट दिसत नव्हतं. त्यांनी त्याच दुपारी त्याला फोटोला पाठवलं, आणि त्याच्या डोक्यात खरंच गाठ होती. वेळेवर ऑपरेशन झालं. नाना दोन शनिवार गेले नाहीत. डॉक्टर स्वतः घरी आले तेव्हा नाना म्हणाले, मी पुन्हा तीच चूक केली, फक्त उलटी. डॉक्टर म्हणाले, "ठरवायचं मी. तुम्ही फक्त तुमचं सांगायचं." तिसऱ्या शनिवारी नाना पुन्हा बाकावर होते, पण मी पाठवल्याशिवाय कुणाशी बोलू नका, ही डॉक्टरांची अट पाळून.

जामनेरची ती मुलगी वर्षभरात बरीच सावरली. बापाच्या दुकानात मशीनवर बसू लागली होती. महिन्याच्या शनिवारी यायची तेव्हा बापाशी वाद घालत यायची, अस्तर कुठलं लावायचं, काजं हाताने करायची की नाही. शिंपी आमच्याकडे बघून कौतुकाने कपाळावर हात मारायचा. मला तिचं बरं वाटायचं, आणि त्याच वेळी हेवाही वाटायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच्या मुलीचं हसू ऐकून मला माझी बहीण हवी असायची. शेजारी बसलेली नाही. तिच्या आधीची.

एका शनिवारी ती मुलगी अक्काला म्हणाली, मावशी, तुमचं ब्लाउज मी शिवते. टेप तिच्या पर्समध्ये होताच. दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर तिने अक्काला उभं केलं. अक्का हात बाजूला धरून अगदी स्थिर उभी राहिली. मी दाराशी होते. मुलगी मापं घेत होती आणि पेनाने हातावर लिहीत होती. मध्येच अक्काने तिला विचारलं की तुझं वय किती. ती म्हणाली, आता एकवीस, आजारी पडले तेव्हा वीस होतं.

अक्काने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"मी बी वीसनी व्हतू," ती म्हणाली.

मुलीने हो म्हटलं आणि खांद्याचं माप पुन्हा एकदा घेतलं. मला पुढे जाऊन अक्काचा हात धरायचा होता, पण माप चुकलं असतं म्हणून मी दाराशीच उभी राहिले.

पुढच्या महिन्याच्या शनिवारी ब्लाउज आलं. निळं, बारीक काठाचं. बाह्या थोड्या सैल होत्या. मुलगी म्हणाली, आणा, उसवून देते. अक्काने दिलं नाही. तसंच घातलं, आणि घरी येईपर्यंत रिक्षात दोन-तीनदा बाहीवरून हात फिरवला.